या घरात फितूर नाही

'निड ओइस ब्राडूर अन अ टी हुन.' गेले काही दिवस हे वाक्य डोक्यात घोळतंय. भाषा वेल्श आहे, आणि अर्थ शीर्षकात दिलाय तोच. उत्तर वेल्समधल्या बेथेस्डा नावाच्या गावात 1901 सालच्या उन्हाळ्यात घरोघरी खिडक्यांच्या काचांवर आतून एक छापील कार्ड लागलं होतं, त्यावर एवढाच मजकूर. ना सही, ना तारीख. एका पुस्तकात मी त्या कार्डाचं छायाचित्र पाहिलं आणि पहिला विचार आला तो ज्या खिडकीत हे कार्ड नव्हतं त्या घराचा. पाटी लावणाऱ्याने स्वतःबद्दल सांगितलं खरं, पण वाचणारा शेजारच्या खिडकीकडे बघणार, नाही का?

मंडळी, आज जरा लांबच्या गावाला जाऊ. मी आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. इंग्लंडचा इतिहास म्हणजे राजे, राण्या, पार्लमेंट आणि औद्योगिक क्रांतीची सहा कारणे (सहाच! सातवं लिहिलं तर गुण नाहीत). व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एखादा साधा गाव कसा होता, तिथली माणसं काय खात, काय बोलत, कशावरून भांडत, हे ना आम्ही शिकलो ना शिकवलं. निवृत्तीनंतर वेळ मिळाला. नातू मँचेस्टरला शिकत होता, त्याच्याकडे 2018 च्या जूनमध्ये गेले होते तेव्हा त्याने एक दिवस गाडीने वेल्सच्या डोंगरात फिरवून आणलं. बेथेस्डात आम्ही चहाला थांबलो. पाऊस पडत होता. तो तिथे पडतोच.

गावाचं नाव ऐकून तुम्हाला बायबल आठवेल. बरोबर आहे, यरुशलेममधल्या एका कुंडाचं ते नाव. पण गावाला ते थेट बायबलातून मिळालेलं नाही. 1820 साली इथे एक चॅपेल बांधलं, त्याचं नाव ठेवलं बेथेस्डा, आणि पुढे चॅपेलच्या भोवती जे गाव वाढलं त्यालाच ते चिकटलं. आपल्याकडे देवळावरून गावाचं नाव पडतं, तसंच. लंडनहून होलिहेड बंदराला जाणारा टेलफर्ड साहेबाचा रस्ता मधून जातो. त्या रस्त्याची एक गंमत नातवाने दाखवली. गावातले सगळे दारूचे गुत्ते (तिथे पब म्हणायचं, गुत्ता म्हटलं तर नातू रागावतो) रस्त्याच्या एकाच बाजूला! दुसऱ्या बाजूला एकही नाही. कारण दुसऱ्या बाजूची जमीन लॉर्ड पेनरिनची, आणि लॉर्डसाहेबांना आपल्या जमिनीवर दारूचं दुकान चालत नसे. म्हणजे त्या काळी रस्ता ओलांडला की तुम्ही एका माणसाच्या मर्जीच्या बाहेर जात होता. गावातली बरीचशी घरं म्हणूनच त्या बाजूच्या उतारावर एकमेकांना खेटून, कशीही वेडीवाकडी उभी आहेत. जागा अपुरी, पण मालकाच्या हाताबाहेरची.

चर्चच्या हिशेबात पाहिलं तर इथे दोन पॅरिश. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कारभाराखालचा मुलूख. जन्म, लग्न, मरण यांच्या नोंदी, आणि जुन्या काळी गरिबांचा सांभाळसुद्धा त्याच्याकडे. ऑग्वेन नदीच्या एका अंगाला लँडिगाय, दुसऱ्या अंगाला लॅनलेखिड. (हे उच्चार मी सोयीने लिहिले आहेत. वेल्श लोकांचा जोड 'ल' म्हणजे जिभेचं टोक टाळूला लावायचं आणि दोन्ही बाजूंनी हवा सोडायची. मी हॉटेलात बसून करून पाहिलं, तर वाढणाऱ्या मुलीने पाणी आणून दिलं.) लँडिगायच्या बाजूला लॉर्डची इस्टेट, त्याचा वाडा आणि त्याची खाण. लॅनलेखिडच्या बाजूला खाणीत राबणारी माणसं. सरकारमान्य चर्च इंग्रजांचं आणि लॉर्डचं. खाणकामगार मात्र बहुतेक सगळे चॅपेलवाले, म्हणजे त्या चर्चपासून फुटून निघालेल्या पंथांचे. तर भांडणाची सगळी तयारी भूगोलानेच करून ठेवलेली होती.

आता खाण. इथल्या डोंगरात स्लेटचा दगड आहे. माझ्या पिढीच्या लोकांना स्लेट म्हणजे काय ते सांगायला नको. लाकडी चौकटीतली दगडी पाटी, पेन्सिल आणि पुसायला ओलं फडकं (किंवा थुंकी, पण ते बाई बघत नसताना). पाटी फुटली की घरी मार. तोच हा दगड, पण या गावचा दगड मुख्यतः घरांच्या छपरावर जात असे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात गिरण्या, आगगाडीची स्टेशनं, मजुरांच्या चाळी भराभर उभ्या राहत होत्या आणि त्या सगळ्यांवर छप्पर हवं होतं. ते वेल्सने पुरवलं. 1898 च्या सुमारास हा धंदा शिखरावर होता. वेल्समधल्या स्लेटच्या खाणींतून वर्षाला जवळपास पाच लाख टन माल निघत होता आणि सतरा हजारांच्या आसपास माणसं त्यात होती. त्यातली पेनरिनची खाण जगातली सगळ्यात मोठी. जवळजवळ मैलभर लांब, बाराशे फूट खोल, आणि कामाला तीन हजाराला थोडे कमी लोक. डोंगराला प्रचंड पायऱ्या कोरल्यासारखी ती दिसते, एकेक पायरी साठ फुटांच्या आसपास. वरून खाली पाहिलं तर माणसं मुंग्यांएवढी दिसत असणार.

आणि या सगळ्याला भांडवल कुठून आलं? जमैकातून. रिचर्ड पेनंट नावाच्या गृहस्थाने 1782 पासून इथल्या खाणी आपल्या ताब्यात घेतल्या, बंदर बांधलं, 1801 मध्ये घोड्यांनी ओढायची लोहमार्गाची गाडी घातली. त्याचे जमैकात उसाचे मळे होते, आणि तिथे राबणारी माणसं गुलाम होती. लिव्हरपूलचा खासदार म्हणून त्याने पार्लमेंटात गुलामांच्या व्यापाराची बाजू लढवली. पुढे गुलामगिरी कायद्याने बंद झाली तेव्हा नुकसानभरपाई मिळाली. कोणाला? मालकाला. 764 माणसांच्या मोबदल्यात 14,683 पौंड. त्या 764 जणांना एक पेनीसुद्धा नाही. त्याच सुमारास इथे पेनरिनचा वाडा उभा राहत होता. किल्ल्यासारखा, काळसर, भलामोठा. 1859 मध्ये व्हिक्टोरिया राणी तिथे पाहुणी आली. तिच्यासाठी एक टन वजनाचा स्लेटचा पलंग करवून घेतला होता. तो पाहून तिला थडगं आठवलं आणि ती त्यावर झोपली नाही, असं सांगतात. एकूण राणीला बरी जाण होती म्हणायची.

खाणीतलं काम कसं चालायचं ते मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. इथले कामगार स्वतःला मजूर मानत नसत. चार-सहा जणांचा एक गट असे. त्यातले दोघं कड्यावर. मांडीला साखळीचा वेढा घालून लोंबकळत दगडाला भोकं पाडायची, दारू ठासायची, सुरुंग उडवायचा. एक जण खाली आलेल्या ठोकळ्याचे पापुद्रे काढणारा. रुंद छिन्नी आणि लाकडी हातोडा. ठोकळा निम्मा, मग त्याचा निम्मा, असं करत पातळ पातळ पत्रे निघत. दगड ओला, ताजा असतानाच हे जमतं; वाळला की तो ऐकत नाही. चौथा माणूस कडा कापून माप देणारा. जोडीला एखादा पोरगा, जो इकडून तिकडे पळत, मोठ्यांची कामं करत, मिळेल तो दगड घेऊन शिकत असे. मापांची नावं ऐका: राण्या, राजकन्या, डचेस, काउंटेस आणि लेडी! डचेस चोवीस इंच लांब, काउंटेस वीस, लेडी सोळा. दिवसभर काउंटेसच्या कडा छाटणारा माणूस आयुष्यात खरी काउंटेस कधी बघणार होता? आणि विक्रीच्या हिशेबात हजार म्हणजे बाराशे. पावट्याचं माप मोठं ठेवणारे व्यापारी सगळीकडे सारखेच.

कड्याचा साधारण सहा यार्ड रुंदीचा तुकडा एका गटाला मिळायचा. त्याला ते 'बार्गन' म्हणत, म्हणजे सौदा. दर महिन्याला खाणीचा अधिकारी यायचा, कडा बघायचा आणि दर ठरवायचा. दगड वाईट असेल तर दर जास्त, कारण त्यातून माल कमी निघणार. दगड चांगला असेल तर दर कमी. तत्त्व म्हणून किती न्याय्य! दगडाचं नशीब माणसाच्या पोटावर पडू नये म्हणून केलेली सोय. एक टन कौलं निघायची तर दहा टन कचरा निघायचा, त्यामुळे नशिबाचा वाटा मोठा होता. आणि दोन बाजूंनी बोलून दर ठरतो म्हटल्यावर कामगार ताठ मानेने म्हणायचा, मी नोकर नाही, मी करार करणारा आहे.

पण दर ठरवणारा माणूसच शेवटी. त्याच्या चर्चला जाणारा, त्याच्या पक्षाला मत देणारा, त्याच्या घरी भेट पोचवणारा, अशाला चांगला कडा आणि वर चांगला दरही मिळे. असल्या लोंबत्यांना वेल्शमध्ये शब्द आहे 'कन्फॉन', म्हणजे शेपटी. शेपूट हलवणारे. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुपारच्या जेवणाला गट आपापल्या कॅबनमध्ये जमायचे. कॅबन म्हणजे दगडाची खोपटी, आत शेकोटी आणि उकळत ठेवलेला चहा. पण तिथे नुसता डबा खाणं होत नसे. अध्यक्ष निवडलेला असे, कार्यवृत्त लिहिलं जाई. आज कोण गाणार, कोणी केलेली कविता वाचायची, वर्तमानपत्रातल्या कोणत्या बातमीवर वाद घालायचा, हे ठरलेलं. धर्मशास्त्र, राजकारण, व्याकरण, स्पेलिंगच्या स्पर्धा. अर्ध्या तासात! मी ज्या स्टाफरूममध्ये तीसेक वर्षं डबा खाल्ला तिथे भाजी आणि महागाई भत्ता यापलीकडे विषय गेल्याचं आठवत नाही. असो.

चहाची एक कडू गोष्ट आहे. स्लेटची धूळ फुप्फुसात जाऊन माणसं चाळिशी-पन्नाशीत खोकून मरत. खाणींच्या डॉक्टरांनी कारण काय दिलं? चहा. फार उकळलेला, काळा, दिवसभर पिलेला चहा! धुळीला दोष द्यायचा तर मालकाचा खर्च वाढतो, चहाला दिला तर बायकोचा दोष. या धुळीच्या रोगाबद्दल स्लेट कामगारांना भरपाई मिळण्याची सोय करणारा कायदा झाला तो 1979 मध्ये. 1979! तोपर्यंत ज्या खाणीत धूळ खाल्ली त्या कितीतरी खाणी बंदही पडल्या होत्या.

ही अडाणी वाटावी अशी माणसं इतकी वाचणारी कशी झाली? त्याचं उत्तर चॅपेल. रविवारची शाळा मुलांसाठी तशी मोठ्या बायाबाप्यांसाठीही असे, आणि तिथे वेल्श भाषेत वाचायला शिकवत. बायबल वेल्शमध्ये होतंच. सोमवारची सरकारी शाळा मात्र इंग्रजी. 1847 मध्ये वेल्समधल्या शिक्षणाची पाहणी करून तीन इंग्रज कमिशनरांनी निळ्या पुठ्ठ्याचे तीन खंड लिहिले. तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हतं. शाळांची दुर्दशा त्यांनी लिहिली ती पुष्कळशी खरीच होती. पण जोडीला त्यांनी लिहिलं की ही भाषाच प्रगतीच्या आड येते, आणि या लोकांची, विशेषतः बायकांची, नीती बरी नाही. सगळा देश पेटला. 1854 मध्ये एका नाटककाराने त्यावर नाटक लिहिलं, आणि त्या नाटकाच्या नावाने ते प्रकरण कायमचं ओळखलं जाऊ लागलं: निळ्या पुस्तकांचा 'ब्राड'. ब्राड म्हणजे विश्वासघात, फितुरी. खिडकीतल्या कार्डावरचा 'ब्राडूर' याच शब्दाचा.

याच अहवालात एका लाकडाच्या तुकड्याचा उल्लेख आहे. काही शाळांत वेल्श बोलताना पकडलेल्या मुलाच्या गळ्यात तो दोरीने अडकवत. 'वेल्श नॉट' म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्या मुलाची सुटका केव्हा? त्याने दुसऱ्या कुणाला वेल्श बोलताना पकडून दिलं की. मग तुकडा त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छड्या. कमिशनरांनासुद्धा हे आवडलं नव्हतं, मुलं चोरून एकमेकांचं ऐकत फिरायला शिकतात असं त्यांनी लिहिलं आहे. बरं, हे करणारे शिक्षक बहुतेक वेल्शच, आणि आपल्या पोराला इंग्रजी यावं म्हणून कित्येक पालकांचाही त्याला रुकार. मराठी शाळेत हयात घालवलेल्या बाईने यावर काय बोलावं! मला भाषेपेक्षाही दुसऱ्या गोष्टीचं जास्त वाईट वाटलं. सात-आठ वर्षांच्या पोराला आपली पाठ वाचवण्यासाठी मित्राचं नाव सांगायला शिकवणं, हा धडा कोणत्या इयत्तेचा?

जाता जाता एक भारतातला धागा. बेथेस्डातलं सगळ्यात देखणं चॅपेल 'जेरुसलेम', ते कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट पंथाचं. याच पंथाने 1841 मध्ये टॉमस जोन्स नावाचा मिशनरी आपल्या खासी टेकड्यांत पाठवला. त्याने खासी भाषा रोमन लिपीत लिहायची पद्धत बसवली, आणि तिच्या स्पेलिंगवर वेल्शची छाप आजही दिसते. ज्यांच्या भाषेला शाळेत छड्या बसत होत्या त्यांनी चेरापुंजीत जाऊन दुसऱ्या एका भाषेला लेखणी दिली.

आता भांडणाकडे येऊ. 1868 च्या निवडणुकीत लॉर्डचा मुलगा जॉर्ज उभा राहिला आणि पडला. मतदान तेव्हा उघड होतं, कोणी कोणाला मत दिलं ते सगळ्यांना दिसत होतं. त्यानंतर खाणीतून काही माणसांची नोकरी गेली. गुप्त मतदानाचा कायदा 1872 मध्ये आला. 1874 मध्ये उत्तर वेल्सच्या खाणकामगारांची युनियन झाली, आणि त्याच वर्षी पेनरिनमध्ये कामगारांनी एक तह मिळवला. व्यवस्थापकाच्या नावाने त्याला पेनंट-लॉइड करार म्हणतात. दरावरून तक्रार असली तर कामगारांच्या समितीने ती मांडायची, हे त्यात मान्य झालं. दहा-अकरा वर्षं बरी गेली. याच काळात, 1884 मध्ये, शेजारच्या बँगरला विद्यापीठाचं कॉलेज निघालं तेव्हा या भागातल्या खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी दिली. स्वतः सुरुंग उडवत लोंबकळणारी माणसं, पण पोरांनी शिकावं म्हणून पैसे बाजूला काढणारी. (ते कॉलेज सुरू झालं ते पेनरिन आर्म्स नावाच्या जुन्या हॉटेलात. पेनरिन काही पाठ सोडत नाही.)

मग कारभार त्याच जॉर्जच्या हाती आला. 1885 मध्ये त्याने तो करार मोडीत काढला. यंग नावाचा हिशेबनीस व्यवस्थापक म्हणून आणला. हिशेबनिसाला आकडे कळतात, कडा कळत नाही. रजा, वेळ, शिस्त, सगळं आवळलं. आणि बार्गनच्या जागी मोठ्या कंत्राटदारांना काम द्यायला सुरुवात केली. म्हणजे कालपर्यंत करार करणारा माणूस आज कंत्राटदाराच्या हाताखालचा मजूर. पैशापेक्षा हे लागलं असावं. 1896 च्या सप्टेंबरात समितीतल्या माणसांना निलंबित केलं आणि खाण अकरा महिने बंद राहिली. सरकारने मध्यस्थी करू म्हटलं तर लॉर्डचं उत्तर, माझ्या खाजगी बाबतीत बाहेरच्यांनी पडू नये. 1897 च्या ऑगस्टात लोक कामावर परतले, हातात फारसं काही न पडता.

धुमसत राहिलं. 1900 च्या शरदात एका कंत्राटदाराला मारहाण झाली, सव्वीस जणांवर खटला झाला, बाकीचे कामगार त्यांच्या पाठिंब्याला बँगरच्या कोर्टावर चालत गेले. सगळ्यांना चौदा दिवस कामाबाहेर ठेवलं. परतल्यावर आठ पायऱ्यांवरच्या आठशे माणसांना बार्गनच मिळेना. 22 नोव्हेंबर 1900 ला उरलेले दोन हजार म्हणाले, त्यांना नाही तर आम्हालाही नाही. आणि बाहेर पडले. ते तीन वर्षं बाहेर राहिले. दोन महिन्यांनी व्हिक्टोरिया राणी वारली, नवा राजा आला, आणि खाण बंदच.

11 जून 1901 ला मालकाने खाण उघडली. चारशेच्या आसपास माणसं आत गेली. प्रत्येकाच्या हातावर सोन्याचा एक पौंड ठेवला आणि मजुरीत पाच टक्के वाढीचं वचन दिलं. गावाने त्या नाण्याला नाव दिलं 'शेपटीचा पौंड'. आणि मग खिडक्यांत कार्डं लागली.

त्यानंतरचं सगळं तुम्ही कल्पनेने रंगवू शकाल. कामावर जाणाऱ्यांच्या मागे बायका-पोरांचा कल्लोळ. दुकानं वाटली गेली, चॅपेलं वाटली गेली. एका बाकावर बसणारे भाऊ वेगवेगळ्या ठिकाणी देव शोधू लागले. काचा फुटल्या, सैन्य आलं. संपवाल्यांची तीन गायकमंडळं इंग्लंडभर गात फिरली आणि पैसे जमवून धाडत राहिली. इंग्रज कामगारांनी मदत केली ती खरोखर मोठी, पण किती पुरणार? शेकडो पुरुष दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खाणींत गेले. युनियनचा नेता डब्ल्यू. जे. पॅरी याच्यावर लॉर्डने बदनामीचा खटला भरला, त्यात 1903 मध्ये पाचशे पौंड भरपाई द्यावी लागली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संप मोडला. परत घ्यायचं कोणाला ते मालक ठरवणार होता, आणि पुष्कळांना त्याने घेतलंच नाही. त्यात बाहेर स्लेटची मागणीही घसरत चालली होती. ते गाव पुन्हा पूर्वीचं झालं नाही.

इतिहास वाचताना माझी सहानुभूती कुठे आहे हे मी लपवत नाही. संपवाल्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण ते चारशे जण मला सोडत नाहीत. त्यात शेपूट हलवणारे असतील, असतीलच. पण सात महिने चूल धड पेटलेली नाही, घरात तान्हं मूल आजारी, अशा बापाने जूनमधल्या एका सकाळी डोकं खाली घालून खाणीची वाट धरली असेल तर त्याला 'ब्राडूर' म्हणायला माझी जीभ उचलत नाही. आणि जो तीन वर्षं घरात बसून राहिला, ज्याचं मूल त्या काळात गेलं, त्याला जाऊन हे ऐकवायची माझी छातीही नाही.

कॅरडॉग प्रिचर्ड हा वेल्श भाषेतला मोठा लेखक या गावचा. जन्म 1904 चा, संप संपल्यावर वर्षभराने. 1905 मध्ये त्याचे वडील खाणीत अपघातात गेले, हा पाच महिन्यांचा होता. त्यांनी संप फोडला होता असं गावात बोललं जाई. आई पुढे डेन्बीच्या वेड्यांच्या इस्पितळात गेली. त्याने 1961 मध्ये एकच कादंबरी लिहिली, ती याच गावावर. तिच्यात एक पोरगा आपल्या आईबरोबर राहतो, वडील नाहीत. ती इंग्रजीतून मी शब्दकोश जवळ घेऊन वाचली, दोन महिने लागले. जमेल त्याने वाचा.

खाणीच्या एका भागात आता निळंहिरवं पाणी साचलं आहे. त्यावरून तारेला लोंबकळत, पोटावर आडवं होऊन सुसाट जायचा खेळ 2013 पासून आहे. नातवाने पैसे भरून तो केला आणि वर आल्यावर अर्धा तास तेच बोलत होता. 2021 मध्ये युनेस्कोने हा सगळा स्लेटचा मुलूख जागतिक वारशात घेतला. लॉर्डचा वाडा 1951 पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे, तिकीट काढून बघता येतो, तो एक टनाचा पलंगही. बेथेस्डातल्या काही घरांतली माणसं मात्र अजूनही त्या वाड्यात पाय ठेवत नाहीत म्हणे. आम्हीही त्या दिवशी गेलो नाही. आमच्याकडे मात्र कारण साधं होतं, पाऊस वाढला होता आणि नातवाला संध्याकाळी गाडी परत द्यायची होती.